तागडीवरची दुहेरी नोंद

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या खोलीत एक लोखंडी कपाट होते. दरवर्षी थंडीत बी.एड.चे छात्राध्यापक आमच्याकडे सराव पाठ घ्यायला येत आणि जाताना आपले शैक्षणिक साहित्य त्या कपाटात ठेवून जात. ते घरी नेण्याइतके लहान नसे आणि टाकून देण्याइतके जुने नसे. कपाटात थर्माकोलची एक बँक होती. तिच्या खिडकीत बसवलेली रोखपाल बाहुली मूळची भातुकलीतली नवरी असावी, कारण तिच्या मुंडावळ्या काढायच्या राहिल्या होत्या. एका तक्त्यावर व्यवसायाचे झाड होते: मुळाशी भांडवल, खोडावर व्यवस्थापन, फांद्यांना लाल फळे आणि प्रत्येक फळावर नफा. तोटा कुठे दाखवला आहे, असे मी ते काढणाऱ्या तरुणाला विचारले होते. त्याने थोडा विचार केला आणि एक पिवळे पान गळताना रंगवले. त्याला चांगले गुण मिळाले.

मी स्वतः अकरावीला पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवीत असे. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ, डावीकडे नावे, उजवीकडे जमा, दोन्हीकडची बेरीज सारखी. एवढे समजले की उरलेला विषय सरावाचा आहे. त्या रेघेपलीकडे मला साहित्य लागले नाही. प्राचार्य याला जुनाटपणा म्हणत. मुले काय म्हणत ते मला ठाऊक होते, कारण मागच्या बाकावर ते कोरलेले होते.

मुलांना मात्र सराव पाठ आवडत. त्या तासाला मी मागे दाराजवळ खुर्ची टाकून बसे. पाठ चालू असताना मूळ शिक्षकाने तोंड उघडायचे नाही, असा नियम आहे. या पाठांची रीत वर्गाला माझ्याइतकीच माहीत झाली होती. छात्राध्यापकाने घटकाचे नाव एकदम सांगायचे नसते. आधी घरगुती प्रश्न विचारायचे, उत्तरांमधून मुलांना हळूहळू घटकापर्यंत आणायचे आणि मग हेतुकथन करायचे: ‘आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करणार आहोत.’ एका तरुणाने पहिलाच प्रश्न केला, “सकाळी तुमच्या घरी दूध कोण आणते?”

पुढच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. “आज आपण रोजकीर्द या घटकाचा अभ्यास करणार आहोत, सर.”

तरुण हादरला. “आणि दूध?” त्याने क्षीण आवाजात विचारले.

“दूध आई आणते, सर. पण मागच्या आठवड्यातल्या सरांनी पण दुधावरनंच रोजकीर्द काढली होती.”

वर्ग हसला. मी दाराबाहेर पाहिले. नियम पाळणाऱ्या माणसाला अधूनमधून दाराबाहेर पाहावे लागते.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात माझ्या वर्गाला जी छात्राध्यापिका मिळाली, ती इतरांपेक्षा वयाने मोठी होती. सातपूरला राहत असे. नवरा तिथल्याच कारखान्यात पाळीवर जाणारा. तिला विषय येत होता. हे मी सहसा कोणाबद्दल म्हणत नाही. आवाज मात्र लहान होता. तो तिसऱ्या बाकापर्यंत जाई आणि तिथेच बसे.

बी.एड.च्या वार्षिक पाठाच्या परीक्षेत सहसा कोणी नापास होत नाही. ती आदल्या वर्षी झाली होती. मी कारण विचारले.

“सर, प्रोजेक्टर लावला होता. माझाच मोबाइल जोडलेला. रोख पुस्तकाचं चित्र भिंतीवर आलं आणि त्याच्यावर सासूबाईंचा मेसेज आला.”

“काय होता?”

“‘येताना दळण आण. आणि सकाळी भाजीत मीठ नव्हतं.’”

“मग?”

“परीक्षकांनी मोठ्यानं वाचला, सर. मुलं हसायला लागली. मला पुढचं काही आठवेना. वर्गाबाहेर गेले ती परत आलेच नाही. अर्धवट पाठाला गुण देत नाहीत.”

तिला एका शाळेने जूनपासून जागा देऊ केली होती, बी.एड. पूर्ण झाले असेल तर. झाले नसेल तर काय, तेही घरात ठरले होते. सासऱ्यांचे नटबोल्टचे दुकान होते; तिथे गल्ल्यावर बसायचे, आणि परीक्षेचे नाव पुन्हा काढायचे नाही. हे तिने एकदाच सांगितले. दुसऱ्यांदा सांगितले असते तर मी ऐकले नसते.

तिने तक्ते चांगले काढले होते. परंतु नियमावलीत त्रिमितीय साहित्यालाही स्वतंत्र गुण होते, आणि यंत्राला हात लावायला ती तयार नव्हती. “दुहेरी नोंदीला काय दाखवू, सर?” असे तिने विचारले.

“तराजू,” मी म्हणालो.

मी ते निम्मे चेष्टेने म्हणालो होतो. माझी चेष्टा चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, अशी माझ्या घरातही तक्रार आहे. तिने ते पाठाच्या टाचणात लिहून घेतले.

आता तराजू आणायचा कुठून? बाजारात सगळीकडे आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आहेत. तिने वर्गात विचारले, तेव्हा सायखेड्याहून रोज बसने येणारी एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी भाजीपाला होता आणि रविवारी ती आईबरोबर बाजारात विकायला बसत असे.

“मॅडम, आमच्याकडं हाय. लोखंडी तागडी. काट्याची बॅटरी गेली का आई तीच काढती.”

दुसऱ्या दिवशी ती तागडी, वजने आणि टोमॅटोची पाटी घेऊन आली. एवढ्या लोखंडाचे वेगळे तिकीट लागेल, असे बसमध्ये वाहकाने तिला ऐकवले होते. तिने त्याला दोन टोमॅटो दिले. पुढच्या थांब्यापर्यंत त्याचे मत बदलले.

वर्गातला एक पंखा दुरुस्तीला गेला होता. त्याच्या हुकाला दोर बांधून तागडी टेबलावर लोंबती ठेवली. छात्राध्यापिकेने रंगीत तालीम घेतली, ती सगळी स्वतःच्या हाताने. डाव्या पारड्यात वजन, म्हणजे रोख. उजव्या पारड्यात टोमॅटो, म्हणजे माल. दांडी सरळ झाली. “ठीक,” मी म्हणालो. माझ्याकडे याहून वरचा शेरा नाही, असे मुले तिला बाहेर समजावून सांगत असल्याचे मी ऐकले.

वर्गाला मी त्याच दिवशी एक सूचना दिली. “उद्या घटकाचे नाव मॅडमच्या आधी ज्याच्या तोंडून निघेल, त्याला सुट्टीभर मी स्वतः शिकवीन.”

सूचनेचा परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त झाला. परीक्षेच्या दिवशी मागच्या बाकावर दोन परीक्षक बसले. एक तिच्याच महाविद्यालयातल्या प्राध्यापिका, तिच्याइतक्याच घाबरलेल्या. दुसरे बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले गृहस्थ, उंच, किडकिडीत, गळ्यात मफलर, हातात नियमावली. छात्राध्यापिकेने सुरुवात केली.

“तुम्ही दुकानात जाता. दुकानदाराला काय देता?”

कोणी बोलले नाही.

“वस्तू घेतल्यावर आपण काय देतो?”

वर्ग तिच्याकडे पाहत राहिला. पैसे हा शब्द एकाही मुलाने आयुष्यात ऐकलेला नव्हता. शेवटी पुढच्या बाकावरचा तोच मुलगा जपून उठला.

“मॅडम, येतंय उत्तर. पण सांगितलं तर घटक कळेल. चालेल का?”

बाहेरच्या परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी दाराबाहेर पाहिले.

“चालेल,” ती म्हणाली. मुलगा “पैसे” म्हणाला आणि झटकन खाली बसला. तिने कसेबसे हेतुकथन उरकले. तक्ता टांगला. नियम सांगितले. आवाज तिसऱ्या बाकापर्यंत. मग ती तागडीकडे वळली, तेवढ्यात मागून बाहेरचे परीक्षक म्हणाले, “विद्यार्थ्यांचा सहभाग दिसू द्या.”

हे तालमीत नव्हते. ज्या मुलीची तागडी, तिलाच तिने पुढे बोलावले. मीही तेच केले असते.

“एका व्यापाऱ्याने एक किलो टोमॅटो रोखीने विकले,” छात्राध्यापिका म्हणाली. “रोख आली, ती डाव्या पारड्यात, नावे. माल गेला, तो उजव्या पारड्यात, जमा. घाल टोमॅटो.”

मुलीने सराईतपणे टोमॅटो घातले, एक काढला, लहानसा घातला. काटा मधोमध उभा राहिला.

छात्राध्यापिका वर्गाकडे वळली. “पाहा. जेवढे नावे तेवढेच जमा. दांडी सरळ.”

तिची पाठ वळली होती तेव्हा मुलीने आणखी एक टोमॅटो उजव्या पारड्यात टाकला. विचार करून टाकला नाही. आपण भातावर वरण घेताना विचार करीत नाही, तसा. पारडे खाली गेले. वर्गाला ते दिसले, बोलणारीला दिसले नाही, आणि हशा कशाचा ते तिला कळेना. तिने मागे पाहिले, टोमॅटो उचलून मुलीच्या हातात दिला आणि पुन्हा म्हणाली, “दांडी सरळ.” मुलीचा हात पुन्हा पारड्यावर गेला.

“अगं, काय करतेस?”

“मॅडम, सरळ दांडीनं नाय देत आम्ही.”

“का?”

“गिऱ्हाईक बघतं ना दांडीकडं. सरळ धरली का म्हणतं, लय चिकट हाय बाई. परत येत नाय मग.”

पंचवटीत ज्याच्या वडिलांचे किराणा दुकान होते, तो मुलगा खिडकीजवळून म्हणाला, “आम्ही सरळच देतो. ग्रॅम टू ग्रॅम.”

“म्हणून तुमच्या दुकानात माश्या असतात नुसत्या.”

“ए, साखर वरून टाकायची असते का? तुझ्या टोमॅटोला काय, झाडाला येतात.”

“मग तुझ्या साखरेला काय, ऊस तू लावला का?”

“मॅडम, निदान कोथिंबीर तरी वर द्यायला पाहिजे.”

“कोथिंबीर? भाव बघितला का, येडा कुठला!”

दोन तट पडले. दुहेरी नोंद कोणाच्या लक्षात राहिली नाही. बाहेरच्या परीक्षकांनी पेन खाली ठेवले. प्राध्यापिकाबाईंनी डोळे मिटले. छात्राध्यापिकेची नजर हळूहळू दाराकडे आली. गेल्या वर्षी ती अशाच एका दारातून बाहेर पडली होती, हे वर्गात फक्त तिला, मला आणि मिटल्या डोळ्यांच्या बाईंना माहीत होते.

मी खुर्ची सरकवली आणि बरोबर दारात घेतली. मूळ शिक्षकाने बोलू नये, असा नियम आहे. खुर्ची कुठे ठेवावी, याबद्दल नियमावलीत काही नाही.

तिने माझ्याकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले. मग त्या टोमॅटोकडे पाहिले.

“हा वरचा टोमॅटो कोणाच्या मालातला?” तिने मुलीला विचारले. तट जरा शांत झाले.

“आमच्याच.”

“त्याचे पैसे आले?”

“नाय.”

“म्हणजे फुकट गेला.”

“फुकट कसा? गिऱ्हाईक परत येतं ना!”

“मग त्याच्या बदल्यात काहीतरी आलं.”

“आलं की.”

“आलं ते कुठल्या पारड्यात?”

मुलीने डाव्या पारड्याकडे बोट केले. मग गोंधळली. “पण ठेवू काय, मॅडम? गिऱ्हाईक ठेवू?”

वर्ग हसत सुटला. छात्राध्यापिकेने हशा संपू दिला. हे मला आवडले. तिने पन्नास ग्रॅमचे वजन उचलून सगळ्यांना दाखवले. “याला नाव द्या. टीव्हीवर साबणवाला कशासाठी पैसे घालवतो?”

“जाहिरात!” ग्रॅम टू ग्रॅमवाला ओरडला.

“मग हिनं काय वेगळं केलं?”

तिने वजन डाव्या पारड्यात ठेवले. पारडे हलले, पण टोमॅटो भारी होता. मुलीने तो काढला, पाटी धुंडाळून छोटा शोधला आणि ठेवला. दांडी डुलली आणि सरळ झाली. मुलीचा हात सवयीने पाटीकडे निघाला. छात्राध्यापिकेने तिचे मनगट धरले.

“आता नाही.”

फळ्यावर तिने नोंद लिहिली: जाहिरात खाते नावे, मोफत दिलेला माल जमा. तेव्हा मागून नियमावलीचे पान उलटल्याचा आवाज आला.

“बाई, हे तुमच्या टाचणात नाही,” बाहेरचे परीक्षक म्हणाले.

“वरचा टोमॅटोही टाचणात नव्हता, सर.”

हे वाक्य शेवटच्या बाकापर्यंत आले. मी शेवटच्या बाकाच्याही मागे होतो.

पाठानंतर परीक्षकांना पोहे आणि चहा देण्याची पद्धत आहे. ते परीक्षार्थीनेच आणायचे असतात. ती बशा भरत असताना तिच्यासमोरच बाहेरच्या परीक्षकांनी आक्षेप मांडले. साधन ठरल्याप्रमाणे चालले नाही. घटक सोडून पुढच्या घटकातली नोंद शिकवली. नियमानुसार पाठ भरकटला. भरकटलेल्या पाठाला उत्तीर्ण कसे करायचे? प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, “सर, पोहे घ्या ना.” त्यांनी पोहे घेतले आणि मला विचारले, “तुमचे मत?”

“मला पाठात बोलायला मनाई आहे.”

“पाठ संपला.”

“साधन बरोबर होते. मुलीचा हात सवयीचा होता.”

“मोफत दिलेल्या मालाची नोंद तुम्ही केव्हा शिकवता?”

“पुढे. आणि निम्म्यांना तरीही समजत नाही.”

“आज समजली, असे तुमचे म्हणणे आहे?”

“माझे काही म्हणणे नाही. मुलांना विचारा.”

त्यांनी बशी खाली ठेवली. हे गृहस्थ ताठ होते, पण उठून मुलांना विचारायला जाण्याइतके प्रामाणिकही होते. आम्ही चौघे वर्गात परतलो. तागडी रिकामी होती. पाटी रिकामी होती. कागदाच्या तुकड्यावर थोडे मीठ उरले होते. पुढच्या बाकावरच्या मुलाच्या हनुवटीवर टोमॅटोची बी चिकटलेली होती.

छात्राध्यापिकेने पाटीत पाहिले आणि टेबलाची कड धरली.

“माल कुठे गेला?” बाहेरच्या परीक्षकांनी विचारले.

सगळ्यांनी पुढच्या बाकाकडे पाहिले. मग हनुवटीवाला म्हणाला, “खाल्ला, सर.”

“कोणी?”

“सगळ्यांनी.”

मला वाटले, आता नियमावली निघणार. परीक्षकांनी फळ्याकडे हात केला. “नोंद करा.”

किराणा दुकानवाला आधी उठला. “सर, मालकाला न विचारता खाल्ला म्हणजे चोरी. चोरीमुळे झालेले नुकसान नावे, माल जमा.”

“चोरी कशाची रे?” सायखेड्याची मुलगी म्हणाली. “मीच दिलं. मीठसुद्धा माझ्याच डब्यातलं हाय.”

“तू पण खाल्लास ना! मालकानं खाल्लं की उचल.”

“मी एकच खाल्ला. तेवढी उचल लिही. बाकीचे जाहिरात.”

“आमच्यावर कसली जाहिरात?”

“रविवारी आईकडनंच घ्याल ना आता भाजी! का फुकट खाऊन बसणार?”

“आणि बसमधले दोन?” मागून कोणीतरी विचारले. “कंडक्टरला दिलेले?”

यावर वर्ग विचारात पडला. तो वाहतूक खर्च, असा निर्णय झाला. विरोधात एकही मत नव्हते. उचल मी शिकवली होती. चोरी आणि वाहतूक मी शिकवलेली नव्हती.

“आणि दोन्ही बाजूंची बेरीज?” परीक्षकांनी विचारले.

“सारखीच, सर. पाटीत एक पण उरला नाही.”

परीक्षकांनी मफलर नाकापर्यंत वर ओढला. थंडी होतीच. पण खांदे हलत होते.

ते माझ्या खोलीत आले, माझ्याच टेबलावर बसले आणि गुणपत्रक भरले. सही करताना त्यांनी ते झाकले नाही. मी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

ती बाहेर पायऱ्यांवर थांबली होती, तक्त्यांची गुंडाळी बगलेत धरून.

“सर, काही कळलं का?”

“गुण गोपनीय असतात.”

“हो, सर.”

ती दोन पायऱ्या उतरली.

“सासऱ्यांना सांगा,” मी म्हणालो, “गल्ल्यावर दुसरा माणूस बघा.”

ती तिथेच उभी राहिली. गुंडाळी तिने या बगलेतून त्या बगलेत घेतली, आणि मग काही सुचेना म्हणून परत या बगलेत. माझी सायकल पलीकडे होती, पण ती वाटेत उभी असल्यामुळे मला थांबावे लागले.

“साहित्याला किती दिले असतील हो, सर?” तिने विचारले.

“साहित्य वर्गाने खाल्ले,” मी म्हणालो. “गुण पूर्ण दिले आहेत.”